आजोबांच्या दगडावर बयाचं नाव

लेस्टर,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

तू पाठवलेला मजकूर मिळाला. ईस्टरच्या आत आजोबांच्या कबरीवर दगड बसवायचा तर पाथरवटाला अक्षरं आताच द्यावी लागणार, हे कळलं. फोनवर हा विषय निघाला की तुला भरून येतं, मग मलाही, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून पत्र लिहितेय. आजीला वाचून दाखव. तिच्या उजव्या कानाशी बसून सावकाश वाच आणि तिला त्रास होईल म्हणून मधलं काही गाळू नकोस. यातलं बरंचसं तिनेच मला सांगितलेलं आहे.

'कुष्ठरुग्णांचे निःस्वार्थ सेवक, प्रेमळ पती व पिता.' खाली पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं धाव संपवल्याचं वचन. यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण हा मजकूर आपल्या चर्चच्या मंडळीतल्या कुठल्याही भल्या माणसाच्या कबरीवर चालेल. आजोबा त्यात दिसत नाहीत. आणि जिच्यामुळे ते असे घडले ती तर कुठेच नाही. त्यांची आई. त्यांची बया.

दफनाच्या दिवशी सभेत कितीतरी जण बोलले. दादाने फोन धरून ठेवला होता म्हणून मला सगळं बघता-ऐकता आलं. आजोबा मिशनच्या बोर्डिंगात वाढले, असं प्रत्येकाने सांगितलं. का वाढले, ते कुणी सांगितलं नाही. एक जण तर म्हणाले की ते अनाथ होते. आजोबा अनाथ नव्हते, आत्या. त्यांची आई थोड्याच अंतरावर, कुंपणापलीकडच्या वॉर्डात होती.

तुझी अडचण मला समजते. काकांच्या धाकटीसाठी स्थळं बघणं चाललंय आणि 'आताच कशाला' असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. त्यावर मी पुढे लिहिते. आधी बयाची हकिगत लिहू दे, आजोबांनी मला सांगितली तशी, कारण तुम्हा तिघा भावंडांना त्यांनी ती अशी सलग सांगितली होती की नाही, हे मला माहीत नाही. मला सांगितली ती मी फिजिओथेरपीला प्रवेश घेतला त्या उन्हाळ्यात, ओसरीवर, हातातलं काम न थांबवता.

गाव जत तालुक्यातलं, तेव्हाच्या जत संस्थानातलं. कोरडवाहू जमीन, बाजरी, मेंढरं. आजोबांच्या दाखल्यावर १ जून १९३१ आहे, ती गुरुजींनी घातलेली तारीख. ते सहा-सात वर्षांचे असतील तेव्हा बयाच्या पाठीवर चट्टा उठला, मग हाताची बोटं आत वळायला लागली. गावाने नाव दिलं, रक्तपिती, म्हणजे कुष्ठरोग. नवऱ्याने टाकलं. शिवाराच्या कडेला खोपट घालून दिलं आणि भाकरी लांबून ठेवायला सुरुवात केली. पोराने तिच्याजवळ जायचं नाही, असा हुकूम होता. पोरगं जायचंच. शेवटी एका पहाटे तिने त्याला उठवलं आणि मिरजेची वाट धरली. पंढरीच्या वारीत तिला कुणीतरी सांगितलं होतं की मिरजेच्या मिशन दवाखान्यात या रोगाच्या माणसांना ठेवून घेतात.

पंढरपूरहून मिरजेला बार्शी लाइटची छोटी गाडी तेव्हा धावत होती. पण डब्यातून उतरवतील या भीतीने ती दोघं पायीच आली. देवळात रात्री टेकू देत नसत. एके ठिकाणी दर्ग्याच्या ओट्यावर म्हाताऱ्या मुजावराने बसू दिलं, वर घोंगडी दिली आणि सकाळी ती परत मागितली नाही. ही घोंगडी सांगताना आजोबांची चपला शिवायची आरी एवढ्यापुरती थांबली.

वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली उघडलेल्या त्या दवाखान्याची कीर्ती तोवर कर्नाटकापर्यंत गेलेली होती, आणि कुष्ठरोग्यांची वस्ती गावाबाहेर वेगळी होती. तिथे बयाला ठेवून घेतलं. निरोगी पोराला मात्र तिच्यापासून वेगळं करून बोर्डिंगात घातलं. त्या काळी सगळीकडे तीच रीत होती. रोग किती कमी पसरतो ते तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. रविवारी उपासना झाली की बया लिंबाखाली बसायची, पोरगं काही हातांवर, आणि मधल्या जागेत कुणी जायचं नाही. काय बोलायचो ते आठवत नाही, असं आजोबा म्हणाले. ती ओव्या म्हणायची ते आठवतं. विठोबाच्या. बयाने गळ्यातली तुळशीची माळ शेवटपर्यंत काढली नाही, आणि दवाखान्यात तिला कुणी काढायला सांगितलं नाही, हे ते आवर्जून सांगत. स्वतः त्यांनी अठराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आधी तिला विचारलं. ती म्हणाली, 'ज्यानं आपल्याला आत घेतलं त्याचा तू हो.' नारायण वामन टिळकांची भजनं ते जी वेगळ्याच चालीवर म्हणायचे आणि हार्मोनियमवाले वैतागायचे, ती चाल बयाच्या ओवीची आहे, आत्या. तू लहानपणापासून ती ऐकत आलीस.

तिला आधी कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं मिळाली. तेल जाड, सुई जाड, टोचलेल्या जागी गाठी यायच्या, आणि गुण यायचा तो बेताचाच. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस डॅप्सोनच्या गोळ्या आल्या तेव्हा तिचा रोग थांबला. पण गेलेली संवेदना कुठल्याच गोळीने परत येत नाही. तळपाय बधिर ते बधिरच राहिले. १९५२ मध्ये ती बाजारातून घेतलेल्या टायरच्या चपला घालून दिवसभर हिंडली. संध्याकाळी आजोबांनी, तेव्हा ते जखमा बांधणारे ड्रेसर म्हणून कामाला लागले होते, तिचे पाय धुवायला घेतले तर चप्पल पायापासून निघेना. टायरचा खिळा वर येऊन टाचेत रुतला होता. तिला काही कळलंच नव्हतं. जखम चिघळली, हाडापर्यंत गेली, आणि दोन महिन्यांत बया गेली. तिला दवाखान्याच्या जागेत पुरलं. त्या जागेवर दगड नाही.

पुढचं सगळं या खिळ्यातून निघालं. आजोबा चपला करायला लागले ते सेवा करायची म्हणून नव्हे. खिळा नसलेली चप्पल कशी करायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

साठच्या सुमाराला दवाखान्याने त्यांना वेल्लोरजवळ करिगिरीला शिकायला पाठवलं. ख्रिस्ती असून चांभारकाम शिकायला निघाला, म्हणून आपल्याच काही माणसांनी तेव्हा नाकं मुरडली होती, हे आजी सांगते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्याआधीच दाखवून दिलं होतं की या रोगात बोटं आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे माणूस भाजतो, कापतो, घासतो, ते त्याला कळत नाही, आणि जखमा होत होत बोटं जातात. म्हणजे ती वाचवता येतात. आजोबा म्हणायचे, हे ऐकलं त्या रात्री मी झोपलो नाही. बयाचा पाय वाचवता आला असता, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले. एक, एमसीआर रबर. तुला ते काळं, स्पंजासारखं रबर आठवत असेल, त्याच्या तुकड्यांनी तुम्ही पाटी पुसायचात. आपण चालताना एका जागी दुखायला लागलं की नकळत पाऊल वेगळं टाकतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर, त्याच भाराने हजारो पावलं टाकत राहतो आणि तिथली कातडी आतून फुटते. मऊ रबर तो भार तळव्यावर पसरवतं. त्याच्या खाली टायरचा कडक सोल, काटा वर येऊ नये म्हणून. शिवण आणि सोल्युशन, खिळा एकही नाही. मागे टाचेला पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मांजराची पिल्लं! बधिर बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही, हे त्यांना तिथे कळलं. परत आल्यावर ते बरेच दिवस गावातून पिल्लं गोळा करून वस्तीत वाटत होते. आजी तेव्हा नवी नवरी. सासर म्हणजे दोन खोल्या आणि पाटीभर मांजरं, असं तिचं वर्णन आहे.

माप घेण्याची त्यांची रीत मी लहानपणी शेकडो वेळा बघितली. माणसाला खुर्चीवर बसवायचं, स्वतः खाली बसायचं, घमेल्यात कोमट पाणी घेऊन आधी पाय धुवायचे. अर्धा तास भिजू द्यायचे. मग घट्टे खरवडायचे, भेगांना तेल लावायचं, बोटांच्या बेचक्यात बघायचं. हे सगळं झाल्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायची, आणि अंगठ्याने तळवा दाबत दाबत कुठे ऊन लागतं ते शोधायचं, कारण जिथे जखम व्हायच्या बेतात असते तिथली कातडी आधी गरम होते. एवढा वेळ ते त्या माणसाशी पाऊसपाणी, बैल, लेकीचं बाळंतपण यांवर बोलत असत. कीव त्यांच्या बोलण्यात कधी नसायची. उलट रागवायचे. 'जखम झाली ती झाली, मला चार दिवस उशिरा का दाखवलीस?' असा आवाज चढायचा. माप चुकलं तर चप्पल उसवून पुन्हा करायचे, मध्यरात्र झाली तरी.

एक गोष्ट मला मोठेपणी कळली. ती काळी पट्ट्यांची चप्पल लांबूनच ओळखू यायची. एसटीत, बाजारात लोक आधी पायाकडे बघायचे आणि मग जागेवरून उठायचे. काही रुग्ण दवाखान्यातून निघाले की चपला पिशवीत टाकायचे आणि अनवाणी जायचे, पुन्हा जखमा घेऊन यायचे. आजोबांनी त्यांना बोल लावला नाही. ते कोल्हापूरला जाऊन कारागिरांकडे बसले, आणि आत एमसीआर पण वरून कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल बसवायला शिकले. बायकांसाठी लाल गोंडा, पाटलांसाठी करकरणारी. कर्र वाजणारी चप्पल घालून एक म्हातारा आपल्या ओसरीवर नुसता येरझारा घालत होता, ते मी पाहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळाचं तुला जास्त आठवत असेल. जत, आटपाडी, कवठेमहांकाळची माणसं खडी फोडायच्या कामावर होती, त्यात यांचे बरे झालेले रुग्णही. हातोड्याचा दांडा धरून तळहाताला फोड यायचे, फुटायचे, कळायचं नाही. आजोबा सुट्टीच्या दिवशी रबराच्या पट्ट्या घेऊन कामांवर जायचे आणि दांड्यांना गुंडाळून द्यायचे. मुकादम ओरडायला लागला तेव्हा त्याच्याही हातोड्याला गुंडाळून दिली.

आणि घरातले आजोबा? लोक देवमाणूस म्हणतात तेव्हा मला राग येतो, कारण देवमाणसाला लेकीच्या वेण्या घालाव्या लागत नाहीत. आजीची रात्रपाळी असली की तुमचं सगळं तेच करायचे. भाकरी थापायचे, आणि वेण्या इतक्या घट्ट घालायचे की भुवया वर ओढल्या जायच्या, हे तूच मला सांगितलंस. त्या काळात पुरुषाने चूल पेटवली म्हणून शेजारी काय बोलायचे तेही तू सांगितलंस. शाळेला त्यांनीच केलेले बूट घालून जावं लागायचं, दुकानातले मिळायचे नाहीत, यावरून बाबा मोठे होईपर्यंत रुसलेले होते. आता तेच बूट बाबांनी कागदात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवले आहेत, विचार त्यांना. आजी मेट्रन झाली, तिचा पगार यांच्यापेक्षा जास्त झाला, तेव्हा यांनी मंडळीत उभं राहून उपकारस्तुती केली. दर पगारातला दशांश पाकिटात आधी काढून ठेवायचा आणि उरलेल्यात भागवायचं, यात कधी खंड पडला नाही. भांडणंही झाली. काकांच्या इंजिनिअरिंगच्या फीला पैसे नव्हते त्या वर्षीसुद्धा पाकिटाला हात लावू दिला नाही, म्हणून आजी आठ दिवस बोलत नव्हती. ते मला आजही पटत नाही, आणि मी त्यांना तसं म्हटलंही होतं. ते म्हणाले, 'तुझी आजी बरोबर होती. पण पाकीट माझं नव्हतं.'

मंडळीत ते नेहमी शेवटच्या बाकावर का बसायचे, तुला माहीत आहे ना? पन्नास-साठ साली रुग्णांनी मागच्या बाकांवर बसायचं, असा न बोललेला नियम होता. आजोबा लग्नानंतर पहिल्या रविवारी आजीला पुढे बायकांत सोडून सरळ मागे जाऊन बसले. पुढे तो नियम गेला, रुग्ण पुढे बसायला लागले, तरी यांची जागा बदलली नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ज्याच्या हातात प्याला धरवत नाही त्याच्या ओठांना तो लावण्याचं काम त्यांचं असायचं. त्यांच्या पवित्र शास्त्रात एकच पान मळलेलं आहे, आत्या, जाऊन बघ. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. प्रभू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. पानावर सोल्युशनच्या बोटांचे डाग आहेत. या अध्यायावर ते कधी बोलले नाहीत, उपदेश तर केलाच नाही. रोज सकाळी पाच वाजता वाचायचे आणि आठ वाजता घमेलं घेऊन बसायचे.

माझं इथलं काम तुम्हाला सांगते तेव्हा तुम्ही 'डायबेटिसचा दवाखाना' एवढंच लक्षात ठेवता. मी दिवसभर पायच बघते. इथे मधुमेहाचे रुग्ण खूप, त्यात आपले गुजराती लोक भरपूर. १९७२ साली युगांडातून हाकलल्यावर आलेल्या पिढीतली माणसं आता म्हातारी झाली आहेत. मधुमेहानेही पाय बधिर होतात. परवा एका काकांच्या बुटात मला नातवाच्या खेळण्यातला विटेसारखा तुकडा सापडला, चार दिवस त्यावर चालत होते. आम्ही नायलॉनचा एक तंतू तळव्याला वाकेपर्यंत टेकवतो, तो वाकला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो, आणि डोळे मिटलेला माणूस 'हो' म्हणतो की नाही ते बघतो. आजोबा हेच बॉलपेनच्या टोकाने करायचे. जखमेला आम्ही गुडघ्यापर्यंत अंगासरशी प्लास्टर घालतो, म्हणजे भार सगळीकडे पसरतो आणि माणूस चालता चालता जखम भरते. आमच्या शिक्षिकेने वर्गात सांगितलं की ही पद्धत दक्षिण भारतातल्या कुष्ठरोगाच्या कामात रुजली, ब्रँड यांनी साठच्या दशकात ती अमेरिकेत लुईझियानातल्या कार्व्हिलला नेली आणि तिथून ती मधुमेहाकडे आली. मी हात वर केला आणि म्हटलं, माझे आजोबा हेच काम करायचे, आणि माझ्या पणजीला कुष्ठरोग होता. मराठीत मी हे वाक्य घराबाहेर कधी म्हटलं नव्हतं. वर्गात कुणी बाक सरकवला नाही. शिक्षिकेने तास संपल्यावर मला थांबवून एमसीआर, शिवण, टाचेचा पट्टा सगळं विचारून लिहून घेतलं. त्या रात्री मी आजोबांना फोन केला तर ते म्हणाले, 'पट्ट्याची रुंदी सांगितलीस का?'

आता काकांच्या धाकटीबद्दल. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याला रोखायची ताकद असतेच, आणि १९८२ पासून वापरात असलेल्या दोन-तीन औषधांच्या पाकिटाने तो सहा महिने ते वर्षभरात पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आजोबा बयाच्या अंगाखांद्यावर वाढले, पुढे जन्मभर रोज हे पाय हातात घेतले आणि ९३ वर्षं जगले. आजीला, तुम्हा तिघांना, आम्हा कुणालाही काही झालं नाही. हे त्या मुलाकडच्यांना सांगून जर ते मागे फिरणार असतील, तर असं घर आपल्या मुलीला नको. काकांना माझं म्हणणं असंच्या असं सांग.

शिवाय, आत्या, हे गुपित कुणापासून राखतो आहोत आपण? वस्तीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. नवा रुग्ण आला, खुर्चीवर अंग चोरून बसला, पाय पुढे करेना, की आजोबांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, 'माझी बया याच वॉर्डात होती.' मग तो पाय पुढे करायचा. सोयरेधायरे सोडले तर सगळ्या मिरजेला त्यांनी सांगितलेलं आहे. दफनाच्या दिवशी कुबड्या घेऊन ती म्हातारी माणसं लांबून आली होती, फोनमधूनही मी त्यांच्या पायांतल्या चपला ओळखल्या. 'अनाथ' हे त्यांनीही ऐकलं. त्यांना काय वाटलं असेल?

२०१९ च्या फेब्रुवारीत संसदेने कायदा केला, की कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरता येणार नाही. हिंदूंच्या कायद्यातून ते काढलं, आणि आपल्या ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या कायद्यातूनही. मी इथून ती बातमी पाठवली होती. दादाने वाचून दाखवली तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते, असं तो म्हणाला, आणि मग त्यांनी एवढंच विचारलं, 'बयाला सांगायचं कुणी?' दादाला वाटलं, वय झालं, भान हरपलं. मला तसं वाटत नाही. ते आपल्याला विचारत होते.

तर माझं म्हणणं असं. दगडावर त्यांचं पूर्ण नाव. त्याच्या खाली त्यांच्या आईचं पूर्ण नाव, 'यांचा मुलगा' असं लिहून. ते नाव दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरात आहे, आजीलाही पाठ आहे, स्पेलिंगसारख्या शंका असतील तर तिला विचार. जन्म आणि मृत्यूच्या तारखा. मग 'चपला करणारे' असे दोन शब्द. 'निःस्वार्थ सेवक' नको, त्यांनी स्वतःला कधीच तसं म्हणू दिलं नसतं. आणि वचन पूर्ण कोरायला जागा नसेल तर नुसतं 'योहान १३:१४' लिही, ज्याला बघायचं तो घरी जाऊन बघेल. पौलाचं वचन आजीला हवं असेल तर मात्र तेच असू दे. आजीचा शब्द माझ्या शब्दाच्या वर. पण बयाच्या नावाबद्दल मी तिच्याशीही वाद घालेन.

दुसरा दगड बयासाठी. लहानसा चालेल. ती जागा आजोबांनी मला दाखवली होती, लिंबापासून कुंपणाकडे, आता तिथे गवत आहे. दवाखान्याच्या लोकांची परवानगी लागेल, ती दादा काढेल. दोन्ही दगडांचे पैसे मी पाठवते, यावर बाबांना बोलू देऊ नकोस. तुळशीची माळ कोरायची की क्रूस, यावर मी बरेच दिवस विचार केला. नुसतं नाव आणि गाव असावं, असं मला वाटतं. तिला दोन्हीकडून कुणी ओढू नये.

ओसरीवरची पेटी कुणी भंगारात देणार नाही, हे बघ. आऱ्या, रापी, फर्मे, सगळं तसंच राहू दे. दवाखान्यात आता चपला करणारा जो मुलगा आहे त्याला विचार काय उपयोगी पडेल, ते त्याला दे. उरलेलं मी ऑगस्टमध्ये येईन तेव्हा बघू. डाव्या पायाचे मधल्या मापाचे फर्मे मात्र त्याला आधी दाखव, ते आता कुठे मिळत नाहीत.

आजीच्या टाचेला भेग पडली आहे असं दादा म्हणाला. कोमट पाण्यात, गरम नाही, आधी तुझ्या कोपराने बघ, मग अर्धा तास भिजव आणि व्हॅसलिन लाव. अनवाणी हिंडू देऊ नकोस. तिला शुगर आहे. आजोबा असते तर त्यांनी रागावून सांगितलं असतं, म्हणून मी रागावून सांगते.

पाथरवटाकडे मजकूर द्यायच्या आधी मला एकदा फोटो पाठव.

सगळ्यांना सलाम, लहानांना पापे.

तुझी,
मनू